किती गुण जुळायला हवेत?

जिममध्ये पर्सनल ट्रेनर निवडण्याची रीत साधारण ठरलेली आहे. काउंटरवरचा माणूस बारा, चोवीस किंवा छत्तीस सेशन्सचं पॅकेज पुढे सरकवतो, भिंतीवरच्या फोटोंपैकी ज्याची सकाळी सातची वेळ रिकामी असेल त्याचं नाव सांगतो. पैसे भरले की दुसऱ्या दिवसापासून दोन अनोळखी माणसं आठवड्यातून तीनदा, तासभर, एकमेकांसमोर उभी राहतात. एकाने घाम गाळायचा, दुसऱ्याने मोजायचं. ट्रेनरचं सर्टिफिकेट कधीतरी विचारलं जातं, दंडाचा घेर न विचारता दिसतोच. तो बोलतो कसा, ओरडतो का, ‘नाही जमत’ हे ऐकून घेतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं, किंबहुना तेच आधी विचारायला हवं, असं माझं म्हणणं आहे. पण या म्हणण्यावरचे आक्षेप पोकळ नाहीत. त्यांचा सारांश मी माझ्या सोयीने दिला तर लबाडी होईल. म्हणून जुन्या निबंधकारांच्या रीतीने आक्षेप घेणाऱ्याला त्याच्याच तोंडाने बोलू देतो. त्याला शंकाकार म्हणू. त्याला तालमीचा अभिमान आहे, शरीरशास्त्राचं त्याचं वाचन आहे, आणि ‘व्हाइब जुळली पाहिजे’ हे वाक्य कानावर आलं की त्याच्या कपाळाला आठी पडते.

शंकाकार : अहो, स्नायूला कुठे स्वभाव असतो? त्याच्यावर सवयीपेक्षा जास्त भार पडला, विश्रांती आणि प्रथिनं मिळाली, की तो वाढतो. भार सांगणारा माणूस मिश्कील आहे की घुम्या, याचा त्या पेशींना पत्ता नसतो. मॅझेटी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तुम्हाला ठाऊक असेल. व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांचे दोन गट, दोघांना बारा आठवड्यांचा तोच कार्यक्रम. एका गटाच्या डोक्यावर प्रशिक्षक उभा, दुसरा आपला आपण करतोय. स्क्वॉट आणि बेंच प्रेस, दोन्हींत देखरेखीखालचा गट पुढे गेला. तिथे कुणी कुणाची पत्रिका जुळवून पाहिली होती? जाणकार माणूस समोर उभा राहिला, काम झालं. तुम्ही स्वभावाची गोष्ट काढता तेव्हा मला शंका येते की व्यायाम टाळणाऱ्याला तुम्ही एक नवी सबब पुरवताय. आधी वेळ नव्हता, मग गुडघा दुखत होता, आता ‘ट्रेनरशी जमलं नाही’.

लेखक : सबबीचं म्हणता ते मनात ठेवतो, त्याकडे परत यावं लागेलच. पण तुम्ही काढलेलाच प्रयोग आणखी जवळून पाहू. कार्यक्रम तोच होता, मग फरक आला कुठून? देखरेखीखालच्या गटाने वजनं लवकर वाढवली. म्हणजे ट्रेनरची खरी कमाई कागदावरच्या कार्यक्रमात नाही. ‘आज अडीच किलो आणखी’ हे योग्य दिवशी म्हणण्यात ती आहे. एकट्याने हे सहसा जमत नाही. ग्लास आणि स्टँटन यांनी 2004 साली नवख्या माणसांना सांगितलं, तुम्हाला योग्य वाटेल ते वजन घ्या. त्यांनी आपल्या कमाल ताकदीच्या 42 ते 57 टक्केच वजन निवडलं. ताकद वाढवायची तर साधारण 60 टक्क्यांच्या पुढे जावं, असा सल्ला दिला जातो. तेव्हा कुणीतरी पुढे ढकलणारा हवा, यावर आपलं दुमत नाही. प्रश्न असा की ते अडीच किलो आज चढवायचे की पुढच्या आठवड्यात, हे ट्रेनर कशावरून ठरवतो? थोडं डोळ्यांना दिसतं. बारचा वेग मंदावतो, कंबर वाकते, चेहरा लाल होतो. उरलेलं सगळं क्लायंटने सांगायचं असतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी श्रम मोजायची 6 ते 20 अशी पट्टी बनवली. सहापासून सुरुवात का, तर सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाच्या हृदयाच्या ठोक्यांचा अंदाज यावा. आज जिममध्ये तेच सुटसुटीत करून विचारतात, ‘दहापैकी किती? अजून किती रेप्स निघाल्या असत्या?’ या पट्टीला काटा नाही, सेल नाही, यंत्र नाही. तिचं यंत्र म्हणजे क्लायंटचं तोंड. जो ट्रेनरला वचकून आहे तो नऊ वाटत असताना सात सांगतो, जो त्याच्यावर खार खाऊन आहे तो सात वाटत असताना नऊ. मग उत्तम शास्त्रीय कार्यक्रमसुद्धा खोट्या मापावर चालतो.

आणि हे नुसतं वजनापुरतं नाही. व्यायामाला सुरुवात करण्याआधी भरून घ्यायची पार-क्यू नावाची सात प्रश्नांची कॅनडाची प्रश्नावली आहे. छातीत दुखतं का, चक्कर येते का, सांध्याचं दुखणं आहे का, ‘हो’ किंवा ‘नाही’. कागदावर पटापट ‘नाही’ची खूण करणारा माणूस खरं उत्तर तिसऱ्या आठवड्यात, पाणी पिताना देतो, तेही समोरच्याला सांगावंसं वाटलं तर. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके श्रम करूनही फारसे चढत नाहीत. ट्रेनरला गोळीची माहिती नसेल तर तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघून ‘अजून दम आहे तुमच्यात’ म्हणत राहील. नवख्याला पहिल्याच दिवशी प्रमाणाबाहेर पिळल्यामुळे स्नायूपेशी फुटल्या, लघवी काळपट झाली, मूत्रपिंडावर संकट आलं, अशी रॅब्डोमायोलिसिसची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तिथे चुकणारा ट्रेनर अडाणीच असतो असं नाही. पुष्कळदा ‘बस’ म्हणायची क्लायंटची हिंमत झालेली नसते. तुमच्या स्नायूला स्वभाव नाही, मान्य. पण त्या स्नायूची खबर ज्या माणसामार्फत येते त्याला आहे.

शंकाकार : हे तुम्ही हुशारीने मांडलंत, पण शंभर वर्षांचा दाखला तुमच्या विरुद्ध आहे. कोल्हापुरात जा. गंगावेश तालीम, मोतीबाग तालीम, शाहूपुरी तालीम. शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात 1912 पासून कुस्त्या होताहेत. तिथे उतरलेल्या एका तरी पठ्ठ्याला वस्तादाने विचारलं असेल का, ‘बाबा रे, माझी बोलायची पद्धत तुला मानवते का?’ पहाटे उठवायचं, हौद्यात उतरवायचं, डाव चुकला की पाठीत धपाटा. तुमचं ते तोंडाचं यंत्र तिथे कुणी वापरलं नाही आणि पैलवान मात्र घडले.

लेखक : घडलेले पैलवान तुम्ही मोजताय. तिसऱ्या महिन्यात वळकटी उचलून गावाकडे परतलेल्या पोरांची नावं कुठल्या फलकावर नसतात. कडक शिस्तीत जे टिकले त्यांच्याकडे बघून ‘शिस्तीने टिकवलं’ म्हणणं म्हणजे उरलेल्या दाण्यांवरून चाळणीचं कौतुक करणं. कुस्तीला ती चाळणी परवडते, तिला शंभरांतून दोन हवे असतात. चाळिशीत साखर वाढलेल्या बँकेतल्या माणसाला गाळून टाकणं हे जिमचं काम नाही, त्याला टिकवणं हे आहे. दुसरं असं की वस्तादाला ते यंत्र लागतच नव्हतं, कारण पठ्ठा चोवीस तास त्याच्या डोळ्यांसमोर होता. कोण किती झोपला, कुणी खुराक अर्धा टाकला, कोण लंगडतोय, हे सांगावं लागत नव्हतं, दिसत होतं. पर्सनल ट्रेनरला आठवड्याच्या 168 तासांपैकी तीन मिळतात. उरलेल्या 165 तासांची बातमी त्याला तोंडीच मिळणार. आणि तालमीत निवड नव्हती, हेही पूर्ण खरं नाही. वस्तादाचं नाव आणि त्याची तऱ्हा ऐकूनच घरचे पोराला धाडत, न पटल्यास तालीम बदलत, आणि वस्तादही एखाद्याला ‘तुझं इथे होणार नाही’ म्हणून परत पाठवू शकत होता. तालमीतलं ते जुळवणं बोलून होत नसे, एवढंच.

इथे शंकाकार थोडा वेळ गप्प बसतो. पण त्याचा खरा डाव अजून राहिलेला आहे. माझ्या मते या सगळ्या वादातला तोच सर्वांत भारी आक्षेप आहे.

शंकाकार : मग पुराव्याचंच बोलू. ‘माणूस आणि पद्धत जुळली की फळ जास्त’ ही कल्पना ऐकायला गोड आहे, आणि ती नीट तपासली की सारखी तोंडावर आपटते. शिक्षणात पाहा. एक मूल बघून शिकतं, दुसरं ऐकून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवा, असं शिक्षकांच्या कित्येक शिबिरांतून सांगितलं गेलं. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली सगळे अभ्यास चाळले, तेव्हा त्या दाव्याला आधार मिळाला नाही. दारूच्या व्यसनावर अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ नावाचा प्रचंड प्रयोग झाला. 1,726 रुग्ण, तीन उपचारपद्धती आणि कुठल्या रुग्णाला कुठली पद्धत मानवेल याची आधीच लिहून ठेवलेली भाकितं. 1997 साली निकाल आले. तिन्ही पद्धतींचं फळ जवळपास सारखं, भाकितं बहुतेक फोल. नावातच ‘मॅच’ होतं आणि मॅच काही झालं नाही. आता तुम्ही जिमच्या दारात अंतर्मुख-बहिर्मुख अशी प्रश्नावली ठेवणार, आणि अंतर्मुखाला अंतर्मुख ट्रेनर देणार?

लेखक : नाही ठेवणार. ‘सारख्याला सारखा’ हा दावा मी करतच नाही. दोघांनाही क्रिकेट आवडतं, दोघंही अबोल आहेत, दोघांचं गाव एक आहे, यामुळे स्क्वॉट सुधारतो असं मानायला मला जागा दिसत नाही. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीस गुण असतात, पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. वर्णाला एक गुण, नाडीला एकटीला आठ. (पत्रिकेवर विश्वास ठेवा असं म्हणत नाही, वाटणी लक्षात घ्या.) ट्रेनर-क्लायंटच्या बाबतीतही बहुतेक घरं बिनमहत्त्वाची आहेत आणि एकच घर भारी आहे. ते कुठलं, हे तुमच्या ‘प्रोजेक्ट मॅच’मध्येच सापडतं. बहुतेक भाकितं पडली, पण जी थोडी तरली त्यांतलं एक रागीट रुग्णांविषयी होतं. ज्यांना राग पटकन येतो, त्यांना वाद न घालणारा, बदलाची कारणं त्यांच्याच तोंडून काढून घेणारा उपचार अधिक मानवला. म्हणजे आवडीनिवडी, बुद्धी, बोलकेपणा बाजूला राहिले आणि ‘मला कुणी काय करायचं ते सांगितलेलं कितपत खपतं’ हा एक धागा पुढे आला. जॅक ब्रेह्म यांनी 1966 साली याच धाग्यावर सिद्धांत मांडला होता. आपलं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस नेमकं उलट करू लागतो. ही उलटी ओढ कुणात नावापुरती असते, कुणात नखशिखांत. मानसोपचाराच्या अभ्यासांतही हेच दिसलं की जिच्यात ही ओढ कमी आहे अशा व्यक्तीला स्पष्ट आज्ञा देणारा चालतो, आवडतोही. जिच्यात जास्त आहे, तिथे तोच माणूस सगळं बिघडवतो.

हीच गोष्ट खेळाच्या मैदानावर एका भारतीयाने सूत्रात बसवली. पाकियनाथन चेल्लादुराई हे मूळचे इकडचे बास्केटबॉलपटू आणि प्रशिक्षक. पुढे त्यांनी कॅनडात आणि अमेरिकेत अध्यापन केलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी प्रशिक्षकाच्या वागण्याचे तीन कप्पे केले. परिस्थितीला हवं असलेलं वागणं, प्रशिक्षकाचं प्रत्यक्ष वागणं, आणि खेळाडूला हवंसं वाटणारं वागणं. हे तिन्ही जितके एकमेकांवर बसतील तितकं समाधान आणि कामगिरी चांगली. या मांडणीत ‘चांगला प्रशिक्षक’ असा सुटा प्राणी नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. एकाच माणसाचा तोच दरारा एका खेळाडूला आधार वाटतो आणि दुसऱ्याला अपमान. शिवाय पहिला कप्पाही तितकाच महत्त्वाचा. मानेवर बार घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा गुडघा आत वळतोय, त्या क्षणी ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारत बसणारा ट्रेनर कितीही प्रेमळ असो, तो चुकतोय. तिथे हुकूमच हवा.

शंकाकार : छान. मग तुम्हीच तुमचा मुद्दा संपवलात. ज्याला आज्ञा खपते त्याला आज्ञा द्यायची, ज्याला खपत नाही त्याला विचारून करवून घ्यायचं. याला स्वभाव जुळणं म्हणत नाहीत, कौशल्य म्हणतात. चांगला ट्रेनर दोन्ही करतो. आणि खरं सांगू का, लोकांना ‘जुळणारा’ ट्रेनर हवा असतो म्हणजे गोड बोलणारा हवा असतो. जो बाराव्या रेपला ‘राहू द्या आज’ म्हणतो, तो सगळ्यांशी जुळतो.

लेखक : दोन वेगळे आक्षेप एका दमात घेतलेत. आधी कौशल्याचा. दोन्ही करता येणारे ट्रेनर असतात, पण दिवसभर आपल्या स्वभावाविरुद्ध वागायला किंमत पडते. पहाटे साडेपाचला सुरुवात करून दुपारी घरी जाणारा आणि संध्याकाळी पुन्हा दहापर्यंत उभा राहणारा ट्रेनर सात-आठ जणांना घेतो. सकाळच्या पहिल्या क्लायंटशी तो ठरवून मवाळ वागेल, रात्री नऊच्या क्लायंटसमोर त्याचा मूळ स्वभाव बाहेर येणारच. कौशल्य माणसाला थोडं ताणतं, इलास्टिकसारखं. पण ताण सोडला की ते मूळ जागी येतं, आणि जुळवण्याचा प्रश्न त्या मूळ जागेविषयी आहे.

आता गोड बोलण्याचा. इथे एडवर्ड बॉर्डिन यांची 1979 सालची मांडणी कामाला येते. उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातल्या नात्याचे त्यांनी तीन पाय सांगितले. ध्येयाविषयी सहमती, त्यासाठी करायच्या कामाविषयी सहमती आणि आपुलकीचा धागा. गोड बोलणाऱ्या ट्रेनरकडे तिसरा पाय जाड असतो, पहिले दोन लटपटतात. क्लायंटला दुखरी पाठ बरी करायची आहे आणि ट्रेनरला त्याचे ‘आधी-नंतर’ फोटो हवे आहेत, मग चहा कितीही वेळा बरोबर प्यायले तरी ते जुळलेले नाहीत. मानसोपचारात या नात्याचं आणि फळाचं माप घेणारे 295 अभ्यास फ्लूकिगर आणि सहकाऱ्यांनी 2018 साली एकत्र केले. परस्परसंबंध 0.28 च्या आसपास निघाला.

शंकाकार : म्हणजे वर्ग केला तर जेमतेम आठ टक्के. बाकीचे ब्याण्णव कुठे गेले? शिवाय ज्याचं वजन उतरू लागतं त्याला ट्रेनर आवडू लागतो. तुम्ही गाडी बैलापुढे जुंपताय.

लेखक : आठ टक्के थोडे आहेत, पण ज्या पद्धतींच्या नावाने जाहिराती होतात त्यांच्या-त्यांच्यातला फरक याहूनही लहान निघतो. आणि बैल-गाडीचा क्रमही तपासून झाला आहे. सुरुवातीची सुधारणा हिशेबातून वजा केली तरी नात्याचा परिणाम उरतो. हे सगळं जिमच्या शेजारच्या घरातलं आहे, हे कबूल करतो. खुद्द व्यायामाचं बोलायचं तर डेव्हिड विल्यम्स यांचा 2008 चा अभ्यास पाहा. बैठी जीवनशैली असलेल्या माणसांना मध्यम श्रम करताना कसं वाटतं, हे उणे पाच ते अधिक पाच अशा पट्टीवर विचारलं. ज्याचा आकडा एकाने जास्त, तो सहा महिन्यांनी आठवड्याला सरासरी 38 मिनिटं जास्त हालचाल करत होता. माणसं चाळीसही नव्हती, म्हणून याच्यावर इमारत बांधू नये. पण आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याच्या पाव हिस्सा हा आहे. व्यायाम करताना कसं वाटलं यावरून माणूस पुढे व्यायाम करेल का, याचा अंदाज येतो. आणि तासभर कसं वाटलं हे समोर कोण उभं आहे यावर पुष्कळसं अवलंबून असतं. तुमची सबब मी इथे परत आणतो. ‘ट्रेनरशी जमलं नाही’ ही सबब असेलही, पण सबब कधीकधी खरी असते, आणि ती खोटी ठरवून माणूस परत येत नाही.

शंकाकार : बरं. समजा पटलं. पण पैसे तीन महिन्यांचे आधीच भरलेत, परत मिळणार नाहीत असं पावतीवर बारीक अक्षरांत छापलंय. या माणसाने करायचं काय?

लेखक : भरल्यावर फारसं काही हातात राहत नाही, म्हणून पैसे भरण्याआधीच दोन सेशन्स मागून घ्यायची, निदान एक. ट्रेनर किती हसरा आहे हे त्यात पाहू नये. पहिली गोष्ट पाहावी, मुद्दाम एकदा ‘हे मला नको’ म्हणून. तो कारण विचारतो, पर्याय देतो, की नुसता चेहरा पाडतो? दुसरी, त्याने विचारलेले प्रश्न मोजावेत. ज्याने पहिल्या तासात झोप, गोळ्या, जुनी दुखणी यांतलं काहीच विचारलं नाही, त्याला तुमच्या खबरेची गरजच वाटत नाही. आणि आपल्याविषयी खरं बोलावं. हुकूम ऐकून बरं वाटणारी माणसं असतात, दिवसभर ऑफिसात निर्णय घेऊन थकल्यावर ‘तुम्ही सांगा, मी करतो’ यात त्यांना सुख असतं. अशांनी मवाळ ट्रेनर घेऊ नये, चार आठवड्यांत कंटाळतील. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघड बोलली जात नाही. फॉर्म सुधारताना हात कुठे आणि विचारून लागतो का, हा प्रश्न स्वभावाचाही आहे आणि मर्यादेचाही. तिथे अवघडलेली बाई कुठलाच आकडा खरा सांगणार नाही. तिथे ‘जुळवून घ्या’ हा सल्ला देणाऱ्याला मी माफ करणार नाही.

शंकाकार : आणि ट्रेनरला क्लायंट नकोसा झाला तर? त्यालाही स्वभाव आहे ना, तुमच्याच हिशेबाने?

लेखक : आहे, आणि या व्यवहारात त्यालाच सगळ्यांत कमी बोलता येतं. वस्ताद पोराला पलीकडच्या तालमीत धाडू शकत होता. ट्रेनरने एखाद्या क्लायंटला ‘तुम्ही त्या दुसऱ्या सरांकडे जा, तुमचं त्यांच्याशी जमेल’ म्हटलं, तर प्रत्येक सेशनमागे मिळणारा त्याचा हिस्सा त्या दुसऱ्याच्या खिशात जातो. म्हणून तो गप्प राहतो आणि मोजत राहतो. क्लायंटही भरलेल्या पैशांकडे बघत गप्प राहतो, आणि पाचव्या आठवड्यात यायचा थांबतो. दोघांची अदलाबदल फुकट आणि बिनबोभाट करून देणं ज्याच्या हातात आहे तो काउंटरवर बसलेला असतो. त्याचं टार्गेट महिनाअखेरीला पुरं झालेलं असतं, आणि पुढच्या महिन्याची पॅकेजेस तो तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी दाखवत असतो.